माघातला वाफा

वाशीमला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, ते घरमालक दिवाळीपासून पौष सरेपर्यंत साऱ्या गल्लीला मुळा खाऊ घालायचे आणि स्वतः त्याला तोंड लावायचे नाहीत. मग माघ लागायचा, घरोघर मुळा वर्ज्य व्हायचा, आणि हे भर दुपारी पाट मांडून, पान वाढून मुळा खायला बसायचे. एकटेच. त्या महिन्यात गल्लीतल्या बाया त्यांच्या अंगणावरून जाताना पदर नाकाला लावायच्या. आत मुळाच होता, पण त्या बायांची तोंडं पाहून वाटावं की काहीतरी भलतंच शिजतंय.

मी त्यांना मामा म्हणायची. गावात त्यांना नावानं फारसं कोणी ओळखत नव्हतं. 'माघातला मुळेवाला' म्हटलं की कोणीही हात करून घर दाखवायचं.

गावाचं नाव तेव्हा सरकारी कागदावर बासीम असं लिहीत. माझे यजमान तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून गेले आणि त्यांच्या मागोमाग मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. मामांचं घर तळ्याच्या अंगाला होतं. एका बाजूच्या दोन खोल्यांत ते, दुसऱ्या बाजूच्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये एकच अंगण, एक विहीर, एक गाय. दोन्हीकडची मागची दारं उघडली की थेट मळा. मळा पुतण्या करायचा आणि त्याची बायको बाजारात भाजी घेऊन बसायची. मामांनी स्वतःकडे फक्त मुळ्याचे वाफे ठेवले होते. त्यातला एकही मुळा बाजारात जात नसे.

आमची बैलगाडी दाराशी आली त्या दिवशी मामांनी सामानाला हात लावला नाही, की प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. म्हणाले, "चूल मांडली का, मास्तरीनबाई?" आणि ओल्या मातीसकट चार मुळे माझ्या हातात दिले. मी ते धुऊन कोपऱ्यात ठेवले आणि भांडीकुंडी लावायला लागले. तासाभरानं अंगणातून आवाज आला, "खाल्ला का?"

"सांजच्याला करते मामा."

"आना मंग वापस."

मला वाटलं थट्टा करतात. पण ते खरोखर हात पसरून दाराशी उभे होते. मी मुळे दिले, ते घेऊन गेले. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "देल्लेलं वापस मांगते हा बुढा! कोन्या घरात आनलं रे तू आमाले?" मास्तर पुस्तकांची पेटी उघडत होते. त्यांना असल्या गोष्टी ऐकूच यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चुलीवर तवा चढलेला पाहून मामा पुन्हा मुळे घेऊन आले. यावेळी मी शहाणी झाले होते. लगेच चिरायला घेतले. पाला काढून बाजूला टाकला तर ते उंबऱ्यातूनच ओरडले, "पाला फेकला? अर्धा मुळा फेकला व तुमी!" मग उंबऱ्याबाहेर उकिडवं बसून त्यांनी मला पाला कसा करायचा ते सांगितलं. कोवळा पाला बारीक चिरायचा, पिळायचा नाही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ तेलात आधी परतायची, मग पाला, आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही, नाहीतर रंगही जातो आणि वासही कोंडतो. मी रिठदची, शेतकऱ्याची पोर. मुळा मला कोणी शिकवावा याचा राग आला होता. पण त्या दिवशी मास्तरांनी जेवताना पुस्तक खाली ठेवलं आणि दुसऱ्यांदा भाजी मागितली, म्हणून राग गिळला.

पुरुषानं चुलीपाशी बसणं तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटायचं, आणि मामा तर रोज बसायचे. बायको गेल्यापासून स्वतःच्या हातानं रांधायचे. त्यांचे नियम होते. मुळा दंव असताना उपटायचा. उपटला की कानाशी धरून नखानं टिचकी मारायची. आवाज भरीव आला तर घरात, पोकळ आला तर गाईला. टिचकीवरून ते सांगायचे की आत जाळी पडली आहे, आणि चिरल्यावर खरंच जाळी निघायची. जेवणारा पाटावर बसल्याशिवाय मुळ्याला विळी लावायची नाही. आणि मीठ सगळ्यात शेवटी. "मीठ लावलं का मुळा रडते," ते म्हणायचे. "तो रडायच्या आत खाल्ला पाह्यजे." ताटलीत खाली पाणी सुटलेलं दिसलं की ती ताटली ते उचलूनच न्यायचे.

एकदा मास्तरांच्या शाळेची तपासणी करायला साहेब आले आणि मास्तरांनी त्यांना जेवायला घरी आणलं. मुळ्याची कोशिंबीर मामा करणार असं ठरलं होतं. साहेबांचं ओसरीवर मुलांच्या अक्षरावर भाषण चाललं, ते संपेना. मामा किसणी आणि मुळा घेऊन दारात उभे. अर्धा तास गेला. मास्तर डोळ्यांनी खुणावत होते की आत जा. शेवटी मामा म्हणाले, "सायेब, तुमचं बोलनं उद्या बी आयकता येईन. ह्या मुळ्याले उद्या नाई." साहेब गप्प झाले आणि मुकाट्यानं पाटावर बसले. जेवताना ते मुळ्याबद्दल एवढं चांगलं बोलले की मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मी चुलीपुढे पदर तोंडात कोंबून हसत होते. त्या घरात मी हसले असे दिवस फार नाहीत, म्हणून हा लक्षात राहिला आहे.

पौषाच्या अमावस्येला मामांनी सगळ्या गल्लीला शेवटचा मुळा वाटला. दुसऱ्या दिवसापासून माघ. माघात मुळा खाऊ नये हे मला माहेरीच ठाऊक होतं. का खाऊ नये हे आईला ठाऊक नव्हतं, आत्याबाईंनाही नव्हतं. खाऊ नये एवढं मात्र दोघींना पक्कं ठाऊक होतं. आणि मामा रोज खातात हे कळल्यावर आत्याबाईंनी आमच्या दोन खोल्यांभोवती गोमूत्र शिंपडलं.

माघ वद्य पंचमीला भर दुपारी मामा आमच्या दाराशी आले. हातात पत्रावळीनं झाकलेली थाळी. ती उंबऱ्यावर ठेवली आणि गेले. पुरणपोळी होती, वडे होते, आणि पाल्याची भाजी, डाळ घातलेली मुळ्याची भाजी, मीठ लावलेल्या मुळ्याच्या फोडी. आत्याबाईंनी थाळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गाईले घाल जा." मी घातली. सांगितलेलं करायची तेव्हा मला सवय होती.

थोड्या वेळानं मी विहिरीवर गेले तर मामा गव्हाणीपाशी उभे होते. गाय मुळ्याच्या फोडी चघळत होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणत होते, "तू खाल्लं, बरं केलं माय. पन तू काही सवाष्ण नाईस."

मला लाज वाटली. दोर हातात तसाच राहिला. मी विचारलं, "सवाष्ण कायले पाह्यजे होती, मामा?"

त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं. त्यांच्या बायकोची ती तिथी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या तिथीला एक सवाष्ण जेवू घालायची, ती पोटभर जेवली की गेलेलीला पोचतं, हे आपण सगळेच मानतो. पण मामांच्या पानावर मुळा असायचा, आणि माघातला मुळा खायला सात वर्षांत एकही सवाष्ण त्यांच्या घरी आली नव्हती. पुतण्याची बायकोसुद्धा नाही.

"मंग मुळा नका करत जाऊ ना त्या दिवशी," मी म्हटलं.

"मुळाच तं मांगितला होता तिनं," मामा म्हणाले. "दीड महिना खाटेवर होती. पेज देल्ली तरी वकून टाके. माघ वद्य प्रतिपदेले सकाळी मले म्हने, ताजा मुळा द्या ना, मीठ लावून. जलमात तिनं मले काही मांगितलं नव्हतं, मास्तरीनबाई. लुगडं नाई का दागिना नाई. आन मी काय म्हनलं? म्हनलं, माघ हाय. फागुन लागू दे, मंग देईन. बियाचे मुळे वाफ्यात उभे होते, या दारातून दिसत होते. ती म्हने, बरं. पंचमीले गेली."

गाय चघळत होती. मामांनी तिच्या तोंडातून खाली पडलेली एक फोड उचलून पुन्हा गव्हाणीत टाकली.

"भांडली असती तं देल्ला असता मी," ते म्हणाले. "तिनं नुसतं बरं म्हनलं."

मी काही फार गुणाची बाई नव्हते, पण तेव्हा वय लहान होतं आणि मन लवकर भरून यायचं. मी दोर सोडला आणि म्हणाले, "पुढल्या माघात मी येईन, मामा. मी खाईन."

त्यांनी मान वर करून पाहिलं. विश्वास बसला नसावा. मी पुन्हा म्हणाले, "सांगून ठेवते. येईन."

पुढचं वर्ष मामांनी त्या एका शब्दावर काढलं, असं आता वाटतं. मी विसरलेसुद्धा होते. मार्गशीर्षात एके सकाळी ते मला मळ्यात घेऊन गेले. बाकीचे वाफे मुळ्यांनी भरलेले, आणि विहिरीच्या पाटाशी एक नवा वाफा, नुकताच पेरलेला. "हा माघाचा," ते म्हणाले. पौषात मुळे फुलावर यायला लागतात, निबर होतात. माघात कोवळा मुळा हवा तर उशिरा पेरावा लागतो, आणि उशिराच्या मुळ्याला फार जपावं लागतं. मामा रोज त्या वाफ्यापाशी बसायचे. पानाखालचे किडे बोटांनी वेचायचे, ऊन चढलं की पळसाच्या फांद्यांची सावली धरायचे. मला म्हणाले, "थंडीचा मुळा गोड राह्यते. माघाचा तिखट होते, ऊन लागते ना त्याले. पन पोकळ नाई होऊ देनार मी."

गल्लीतल्या बायांना कळलंच. 'मास्तरीण खाणार म्हणे यंदा' अशी कुजबुज व्हायची. मला त्याची थोडी घमेंडही होती.

त्या सुमाराला मला दिवस गेलेले होते, तिसरा महिना चालू होता. त्याआधी दोनदा तीन-तीन महिन्यांवर वाया गेले होते, म्हणून आत्याबाई मला पाण्याची घागर उचलू देत नव्हत्या. माघ लागला तेव्हा पाचवा महिना होता. वद्य चतुर्थीच्या सकाळी आत्याबाईंनी मला देवापुढे बसवलं. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझा हात धरून माझ्याच पोटावर ठेवला.

"शपथ घे. मुळा तोंडात घातला तं याचं वाईट होईन, म्हन."

"आत्याबाई, मी शब्द देल्ला हाय त्यायले."

"तू बुढ्याले शब्द देल्ला. याले काय देल्लं?"

मी शपथ घेतली. पोटात त्या वेळी हलल्यासारखं झालं आणि मला भीती वाटली. आजही मला त्या शपथेचा दोष वाटत नाही. दोष पुढच्या गोष्टीचा वाटतो. मी सरळ मामांकडे जाऊन सांगायला हवं होतं की मामा, मला नाही जमणार. त्यांना वाईट वाटलं असतं, आठव्या वर्षीही पान गाईला गेलं असतं, एवढंच. पण मी तो वाफा पाहिला होता. मला वाटलं, जाऊन बसावं, पुरणपोळी खावी, वडे खावेत, मुळा तेवढा पदराआड करावा. शपथही राहील आणि मामांचं मनही राहील. ही अक्कल माझी एकटीची, आत्याबाईंची नव्हे.

अडचण एकच होती. मुळा खाल्लेला ऐकू येतो, आणि मामांचा कान कसा होता ते मी रोज पाहत होते. म्हणून मी ओच्यात एक फडकं खोचलं आणि त्यात गाजराचा एक तुकडा बांधून नेला.

पंचमीला मामांनी सगळं घर सारवलं होतं. पाटाभोवती रांगोळीच्या दोन वाकड्यातिकड्या रेघा होत्या, पुरुषाच्या हाताच्या. खुंटीवर हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं, मला द्यायला. मी पाटावर बसले तेव्हा ते मळ्यात गेले, वाफ्यातून दोन मुळे उपटले, पाटाच्या पाण्यात धुतले, कानाशी धरून टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहून हसले. मामांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. विळीवर त्यांनी फोडी केल्या, पानात वाढल्या, वर मीठ टाकलं. पाल्याची भाजी, डाळीची भाजी आधीच वाढलेली होती.

मग ते मागच्या दाराच्या उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून, मळ्याकडे तोंड करून बसले. परक्या सुनेला जेवताना पाहू नये म्हणून.

"जेवा, मास्तरीनबाई. सावकाश जेवा. मले आयकू येते."

मी पुरणपोळी खाल्ली. वडा खाल्ला. दोन्ही भाज्या फडक्यात घेतल्या, फोडीही घेतल्या. फडकं ओलं झालं आणि मिठाचं पाणी माझ्या मांडीवर उतरलं. मग मी गाजराचा तुकडा तोंडात घातला आणि दाढेखाली धरून चावला. कच्च झालं. मामांची मान किंचित कलली. मी पुन्हा चावला.

"कसा हाय?" त्यांनी मळ्याकडे पाहतच विचारलं.

"गोड हाय, मामा."

विहिरीच्या काठावर कावळा बसला होता, तो उडून गेला. मामांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, तसेच राहिले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बरं."

मी हात धुवून उभी राहीपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मग उठले, माझी ओटी भरायला नारळ आणि ते हिरवं लुगडं माझ्या पदरात घातलं, वाकून मला नमस्कार केला. मला वाटलं, जमलं. घरी आल्यावर फडकं सोडवलं तर गाईला घालायची हिंमत झाली नाही. परड्यात खड्डा करून पुरून टाकलं.

चैत्रात सातव्या महिन्यावर मी बाळंत झाले. मुलगी होती. सुईणीनं तिला पालथं घातलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ती रडलीच नाही.

आत्याबाई माझ्या उशाशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "खाल्ला ना तू मुळा? खरं सांग."

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं असतं की झालं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि गप्प राहिले. तो गप्पपणा आत्याबाईंनी 'हो' समजून घेतला, आणि त्या तसं समजतील हे मला ठाऊक होतं. मामांना फसवलं हे उघड होईल याची लाज होती, पण ते सगळं खरं नाही. खरं हे की मुळा खाल्ला म्हणून पोर गेलं असं ठरलं, तर काहीतरी कारण सापडत होतं. खाल्ला नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा पोर गेलं त्याला माझ्याच पोटाशिवाय कारण उरत नव्हतं. मग आत्याबाई मास्तरांना दुसरी बायको करायला लावतील, ही भीती मला होती. मी माझ्यापुरतं पाहिलं.

गल्लीत बोभाटा झाला. बाळंतपणाची मी अजून खाटेवरच होते तेव्हा एके सकाळी पुतण्याची बायको अंगणात येऊन मामांवर ओरडायला लागली. मी भिंतीला धरून दारापर्यंत आले. तिच्यामागं कुंपणाबाहेर बाया उभ्या होत्या.

"लेकीच्या जागची पोट्टी ती! तिच्या पोटातलं खाऊन टाकलं ना तुमच्या मुळ्यानं? काहून चारलं तिले? सांगा ना, काहून चारलं?"

मामांच्या हातात कुदळ होती. ते खाली पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काही बोलते का, एवढंच पाहत असावेत. सगळ्या बायांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी आत गेले आणि दार लोटलं.

बाहेर मामांचा आवाज आला, "चुकलं माह्यं." कुदळ खाली ठेवल्याचा आवाज आला. पुढे ते अंगणात फारसे दिसेनासे झाले. आत्याबाईंनी पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणायला सुरुवात केली. मास्तर एकदा म्हणाले, "मुळ्यानं असं होत नाही, मी पुस्तकात वाचलंय." पण ते हे फक्त मला म्हणाले, दार लावून.

जून महिन्यात मास्तरांची बदली झाली. जऊळक्याला मास्तरांच्या चुलत्याकडे दोन दिवस थांबून पुढं जायचं होतं, म्हणून स्टेशनावर जायला सकाळीच बैलगाडी आली. सामान चढलं, आत्याबाई आधीच जाऊन गाडीत बसल्या, मामांच्या खोल्यांकडे पाठ करून. मी शेवटचं झाडून घेत होते. मामा मागच्या दारानं आले. त्या दोन-तीन महिन्यांत फार वाळले होते. त्यांनी माझ्यापुढे एक पुरचुंडी धरली.

"माघाच्या वाफ्याचं बी हाय. ठेवा."

उरलेले मुळे त्यांनी फुलावर येऊ दिले होते, शेंगा वाळवून बी काढलं होतं. पुरचुंडी जड लागली.

"सगळंच देल्लं, मामा? मंग तुमी काय पेरसान?"

"आता कोनासाठी पेरू?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, अगदी हळू, आत्याबाईंना ऐकू जाऊ नये असं:

"मास्तरीनबाई, माघाचा मुळा गोड नसते. ध्यानात ठेवजा, कोनी विचारलं तं."

म्हणजे त्यांना त्याच दिवशी, त्याच क्षणी कळलं होतं. कळून त्यांनी मला नमस्कार केला होता. आणि अंगणात पुतण्याची बायको ओरडत होती तेव्हा एका वाक्यात त्यांना सुटता आलं असतं. तिनं मुळा खाल्लाच नाही, एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत, कारण माझी लाज गेली असती. मी त्यांच्या पाया पडले, आणि तेव्हाही काही बोलले नाही. गाडीवानानं हाक मारली म्हणून निघाले.

पुन्हा मी वाशीमला गेले नाही. बी मात्र मी मरू दिलं नाही. जिथं बदली झाली तिथं घरामागं हातभर जागेत दरवर्षी मार्गशीर्षात पेरलं, फुलावर येऊ दिलं, पुन्हा बी धरलं. माघात त्यातला एकही मुळा उपटला नाही. आधी आत्याबाई होत्या. त्या गेल्या तेव्हा मास्तर आजारी होते, आणि मास्तर असेपर्यंत मला शपथ मोडायची भीती वाटत राहिली. कोणासाठीची शपथ, हेही मी स्वतःला विचारलं नाही. मूलबाळ पुन्हा झालंच नव्हतं. आणि आत्याबाई जाईपर्यंत, दुसरी बायको करा असं मास्तरांना कोणी एकदाही म्हटलं नाही. मी उगाच भ्यायले होते.

मास्तर गेले आणि मी रिठदला भावाकडे येऊन राहिले. तिथल्या बाजारात एकदा मामांचा पुतण्या भेटला. म्हणाला, बुढा गेला, झाली दोन वर्षं. मी विचारलं, तिथीला पान वाढायचे का? तो म्हणाला, "तुमी गेल्या त्या सालापासून नाई. मुळाच लावला नाई मंग त्यायनं. घरात मुळ्याचं नाव बी काढू देत नव्हते."

त्या माघात वद्य पंचमीला मी भावाच्या मळ्यात गेले. माझा वाफा विहिरीच्या पाटाशीच होता. दोन मुळे उपटले, धुतले, कानाशी धरून टिचकी मारली. आवाज भरीव आला. घरी येऊन पाट मांडला, पान घेतलं, बसल्यावर विळी ओढली. वहिनी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"बाई, माघ हाय ना?"

"हाव. म्हूनच."

मीठ लावलं. मामांच्या पाटावर बसले होते तेव्हा कपाळावर कुंकू होतं, आणि मी खाल्ला नाही. आज खायला बसले तर मी सवाष्ण राहिले नव्हते. हे माझ्या पोटातून कोणालाच पोचणार नव्हतं, ना त्या बाईला, ना मामांना. तरी फोड तोंडात घातली आणि चावली. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट हाय, मामा," मी म्हटलं.

वहिनीनं विचारलं, कोणाशी बोलता. मी दुसरी फोड उचलली. पानात मिठाचं पाणी सुटायला लागलं होतं, आणि ते फार सुटायच्या आत मला सगळा मुळा संपवायचा होता.